चुंबकीय क्षेत्राचा हिशेब आणि कारखान्यातला माणूस



वसंत व्याख्यानमालेत चुंबकीय क्षेत्राच्या गणितावर बोलायला एखादे प्राध्यापक उभे राहिले असते, तर कोणाला नवल वाटले नसते. कामगार संघटनेत उमर घालवलेल्या माणसाने या विषयाला हात घालावा, हे मात्र थोडे चमत्कारिक दिसते. सबब आधी कारण सांगतो. आपल्या ठाणे, कळवा, ऐरोली, कांजूर या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर, मोटारी आणि स्विचगिअर बनवण्याचे काम आज कितीतरी वर्षे चालू आहे. वर्तकनगरातल्या अनेक घरांचा संसार या कामावर उभा राहिला. या सर्व यंत्रांच्या पोटात खरे काम करते ते चुंबकीय क्षेत्र. ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून त्याचा हिशेब करावा लागतो. पूर्वी हा हिशेब अभिकल्पकाच्या, म्हणजे डिझायनरच्या, वहीत असे. आता तो संगणकाच्या पडद्यावर रंगीत चित्राच्या रूपाने दिसतो. ते चित्र पुढे ठेवून साहेब म्हणतात, “गणित असे सांगते.” आणि गणिताचे नाव निघाले की आमचा कामगार गप्प बसतो.

त्याने गप्प बसू नये, हे सांगण्यासाठी आजचे व्याख्यान आहे. या गणिताच्या मुळाशी जी क्रिया आहे, ती ज्याला चार आकड्यांची सरासरी काढता येते त्या कोणालाही समजण्यासारखी आहे. आणि ती एकदा समजली, म्हणजे या गणिताला प्रश्न कोठे विचारायचा हेही समजते.

प्रथम चुंबकीय क्षेत्र म्हणजे काय ते पाहू. १८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांना दिसून आले की, तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई वळते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये बिओ आणि सावार यांनी त्याचा नियम शोधला. लांब सरळ तारेसाठी तो नियम इतका सोपा आहे की, तो आपण खिशात ठेवावा. तारेतील अँपिअरना पाचाने भागा, मग तारेपासूनच्या अंतराला जितके मीटर असतील तितक्यांनी भागा. जो आकडा येईल तितके मायक्रोटेस्ला क्षेत्र त्या ठिकाणी असते. ४०० अँपिअरच्या तारेपासून १ मीटरवर ८० मायक्रोटेस्ला. हा आकडा मोठा की लहान? पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे पृथ्वीच्या दुप्पट. फरक एवढाच की, पृथ्वीचे क्षेत्र स्थिर असते आणि आपल्या विजेचे क्षेत्र सेकंदाला पन्नास फेरे मागे-पुढे करते.

आता परतीची तार पहिलीपासून १० सेंटिमीटर पलीकडे आहे असे धरा. तिच्यातून तेवढीच वीज उलट दिशेने वाहते. ती आपल्यापासून १.१ मीटरवर, म्हणून तिचे क्षेत्र ७२.७; पण उलटे. वजाबाकी केली की उरले फक्त ७.३. तारा जवळजवळ ठेवल्या की क्षेत्र एकमेकांना खाऊन टाकते. केबलमध्ये जाणारी आणि येणारी तार एकत्र का बांधतात, याचे एक कारण या वजाबाकीत आहे.

अशा क्षेत्राची झळ किती दूर पोहोचते याचा एक दाखला आपल्या कोकणातच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारी ती वीज नोंदी बिघडवणार, हे ओळखून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली गेली. तिची इमारत लोखंड टाळून बांधली. विजेच्या ट्राम १९०७ साली सुरू झाल्या, आणि अलिबागच्या नोंदी पुढे अखंड चालू राहिल्या. दिसत नाही त्या वस्तूचा एवढा धाक शास्त्रज्ञांनी बाळगला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

येथपर्यंत काम सूत्राने भागले, कारण तार सरळ होती आणि भोवती हवा होती. ट्रान्सफॉर्मरमध्ये असे काही नसते. तेथे पातळ पत्रे रचून केलेला लोखंडी गाभा असतो, त्याच्याभोवती तांब्याच्या दोन-तीन कॉइल, मध्ये प्रेसबोर्ड आणि तेल, बाहेर पोलादी टाकी, आत पकडपट्ट्या आणि बोल्ट. प्रत्येक कोपऱ्याशी क्षेत्र वाकते, लोखंडात शिरते, फटीत फुगते. मॅक्सवेल यांनी १८६५ साली विद्युत-चुंबकाची जी समीकरणे मांडली, ती या जागेलाही तंतोतंत लागू आहेत. पण या वेड्यावाकड्या आकारात ती सोडवून एका ओळीचे सूत्र काढणे कोणालाच जमत नाही. जेथे सूत्र थांबते, तेथे आकडी पद्धती सुरू होते.

तिची युक्ती अशी. सगळ्या जागेचे उत्तर एकदम मागायचे नाही. जागेवर जाळी टाकायची, आणि जाळीच्या गाठी जेथे पडतील तेवढ्याच ठिकाणचे उत्तर मागायचे. एक उदाहरण आपण येथेच करू. कोणाजवळ कागद-पेन्सिल असेल तर काढावी.

मोटारीच्या लोखंडी गाभ्यात कॉइल बसवण्यासाठी खाच ठेवतात, तिला कारखान्यात स्लॉट म्हणतात. तो स्लॉट चौरस आहे आणि सध्या रिकामा आहे असे समजा. त्याच्या तीन बाजूंचे लोखंड ० या चुंबकीय पातळीवर आहे, आणि वरची बाजू जे लोखंड झाकते ते १०० पातळीवर आहे. पातळी म्हणजे पाण्याच्या पातळीसारखीच कल्पना. उतार जेथे तीव्र, तेथे पाण्याचा ओघ जोराचा. तसेच पातळीचा उतार जेथे तीव्र, तेथे चुंबकीय क्षेत्र प्रबळ. आता प्रश्न असा की, स्लॉटच्या पोकळीत ठिकठिकाणी पातळी किती?

चौरसाचे उभे-आडवे तीन तीन भाग करा. आत चार गाठी पडतील. वरच्या दोन अ आणि ब, खालच्या दोन क आणि ड. अ च्या खाली क, ब च्या खाली ड. रिकाम्या जागेत चुंबकत्वाचा झरा नाही आणि गटारही नाही. म्हणून तेथील कोणतीही गाठ शेजाऱ्यांच्या मानाने टेकाडही होऊ शकत नाही आणि खड्डाही होऊ शकत नाही. तिची पातळी तिच्या चार शेजाऱ्यांच्या सरासरीएवढी धरावयाची. सगळी पद्धत या एका वाक्यात आहे.

आरंभी चारही गाठींना ० द्या. अ चे शेजारी: वर १००, डावीकडे ०, उजवीकडे ब म्हणजे ०, खाली क म्हणजे ०. सरासरी २५. ब चे शेजारी: १००, ०, आताच आलेला अ म्हणजे २५, आणि ड ०, सरासरी ३१.२५. क ला मिळाले ६.२५ आणि ड ला ९.३८. झाली एक फेरी. पुन्हा अ पाशी या. आता त्याचे शेजारी बदलले आहेत, म्हणून तो ३४.३८ होतो, ब ३५.९४, क १०.९४, ड ११.७२. तिसऱ्या फेरीला अ ३६.७२, ब ३७.११, क १२.११ आणि ड १२.३०. दर फेरीला बदल कमी कमी होत चालला आहे. आणखी काही फेऱ्यांनी वरच्या दोन गाठी ३७.५ वर आणि खालच्या दोन १२.५ वर स्थिर होतात. तेथे प्रत्येक गाठ आपल्या शेजाऱ्यांशी समेट करून बसलेली असते. पुढे कितीही फेऱ्या मारा, आकडा हलत नाही.

गणिताच्या कसोटीला हे उत्तर उतरते. तरीही ते पूर्ण खरे नाही! या सोप्या चौरसासाठी जुन्या पद्धतीने अचूक उत्तर काढता येते. ते वरच्या गाठींना ३८.०७ आणि खालच्यांना ११.९३ असे आहे. आपली बेरीज चुकली नाही, भागाकार चुकला नाही, समेटही झाला. तरी उत्तरात अर्ध्या एककाहून जास्त फरक राहिला. तो कोठून आला? जाळी मोठ्या घरांची होती म्हणून. घर निम्मे केले तर चूक साधारणपणे चौथाईवर येते. पण सपाट चित्रात गाठी सुमारे चौपट होतात आणि घन आकारात आठपट. म्हणजे अचूकपणा मिळतो तो श्रमाची किंमत मोजून. हिशेब बरोबर असणे आणि उत्तर खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या चार गाठींनी आपल्याला शिकवले. आज जे सांगावयाचे आहे, त्याचा गाभा हाच.

हे श्रम पूर्वी कोण करीत असे? येथे आमच्या संघटनेच्या जिव्हाळ्याचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये एल. एफ. रिचर्डसन यांनी दगडी धरणातील ताण या रीतीने जाळी टाकून काढले आणि १९१० साली तो निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला. आकडेमोड करण्यासाठी त्यांनी मुले लावली होती आणि त्यांना चक्क पीस-रेटने पैसे दिले. दर ठरला होता गाठीमागे: संख्येत जितके अंक, तितके पेनीचे अठरावे भाग. तीन अंकी संख्या असेल तर गाठीमागे पेनीचा सहावा भाग. सर्वांत चपळ मुलांपैकी एक जण आठवड्याला सुमारे दोन हजार गाठी उरकत असे, आणि चुकलेल्या गाठी त्यात धरलेल्या नसत. हिशेब केला तर आठवड्याचे जवळजवळ २८ शिलिंग होतात. मुलांची मोठी अडचण अधिक-उणे चिन्हांच्या घोटाळ्याची होती, हेही रिचर्डसन यांनी नमूद केले आहे. शोधनिबंधात मजुरीचा दर छापणारा हा गणिती मला आदरणीय वाटतो. श्रम कोणी केले आणि त्याचे काय मोल दिले, हे त्याने झाकून ठेवले नाही.

पुढे रिचर्ड साउथवेल यांनी या कामाला हुशारीची जोड दिली. सगळ्या गाठींवरून सरसकट फिरत बसण्याऐवजी, जेथे तफावत सर्वांत मोठी तेथे आधी हात घालावयाचा. माणसाच्या नजरेला हे चांगले जमते. १९४०च्या सुमारास अनेक अभियंते मोठ्या कागदावर, खोडरबर हाताशी ठेवून, याप्रमाणे क्षेत्रे काढीत.

मग गणकयंत्रे आली. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशात बांधलेले टीफ्रॅक हे यंत्र १९६० साली चालू झाले. त्याची स्मृती बारीक चुंबकीय कड्यांची होती. म्हणजे चुंबकाचा हिशेब करू शकणारे यंत्र स्वतःच चुंबकाच्या जोरावर आकडे लक्षात ठेवीत होते. यंत्राला नजर नसते, पण कंटाळाही नसतो. चिन्हांचा घोटाळा ते करीत नाही. कोट्यवधी गाठींची सरासरी त्याने काढावी आणि आपण सकाळी उत्तर पाहावे, अशी सोय झाली.

तथापि चौकोनी जाळीची एक खोड होती. गोल कॉइल, तिरपा कोपरा, अरुंद फट यांत चौकोन नीट बसत नाहीत. यावर तोडगा त्रिकोणांचा. शेताची मोजणी करताना वाकड्या बांधाचे रान त्रिकोणांत तोडून क्षेत्रफळ काढतात, हे आपल्यातील शेतकरी घराण्यांतून आलेल्यांना ठाऊक आहे. गोधडी शिवणारी आजीही हेच करते: जेथे सलग कापड पुरते तेथे मोठा तुकडा, काठाला आणि कोपऱ्याला लहान. क्षेत्र जेथे संथ आहे तेथे मोठे त्रिकोण, जेथे झपाट्याने बदलते तेथे बारीक. प्रत्येक त्रिकोणात पातळीचा उतार सारखा धरावयाचा, आणि साऱ्या गोधडीतील चुंबकीय ऊर्जेचा हिशेब नियमाप्रमाणे किमान होईल असे गाठींचे आकडे शोधावयाचे. गणिती कूरांत यांनी १९४३ साली ही दिशा दाखवली होती, विमानांच्या पंखांचे अभियंते १९५०नंतर तिने गेले, आणि कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे सिल्व्हेस्टर व त्यांचे सहकारी चारी यांनी १९७० साली ती लोखंडाने भरलेल्या विद्युत यंत्रांना लावून दाखवली. आज जगभर जिला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात, ती हीच. मराठीत तिला सान्त घटक पद्धती म्हणता येईल.

आपण घेतलेला स्लॉट रिकामा होता. त्यात तांबे भरून वीज सोडली, म्हणजे सरासरीत त्या विजेच्या प्रमाणात भर घालावी लागते आणि पातळीच्या जागी तिचीच एक भावंड राशी घ्यावी लागते. लोखंडाचा स्वभाव तर आणखी विचित्र. थोड्या विजेला ते भरपूर चुंबकत्व देते. पण सुमारे २ टेस्लाच्या आसपास त्याचे पोट भरते, मग कितीही वीज द्या, फारशी वाढ नाही. याला संपृक्ती म्हणतात. म्हणून उत्तर काढावयाचे, त्यावरून लोखंड कोठे किती भरले ते पाहावयाचे, आणि पुन्हा उत्तर काढावयाचे. फेऱ्यांच्या आत फेऱ्या. तिसरी अडचण भोवरा प्रवाहांची. बदलत्या क्षेत्रामुळे टाकीच्या पोलादात वीज भोवऱ्यासारखी फिरू लागते आणि पोलाद तापते. ही वीज पोलादाच्या वरच्या सुमारे १ मिलिमीटर थरातच दाटते. टाकी काही मीटर लांब-रुंद, आणि थर एका मिलिमीटरचा! एका चौरस मीटरवर मिलिमीटरची जाळी टाकली तरी दहा लाख घरे होतात. येथे निव्वळ यंत्राचे बळ पुरत नाही. कोठे बारीक करावे आणि कोठे सोडून द्यावे याचे शहाणपण लागते.

हे शहाणपण आपल्या शेजारी पवईला आहे. तेथील आयआयटीचे प्रा. एस. व्ही. कुलकर्णी आणि प्रा. एस. ए. खापर्डे यांचा ट्रान्सफॉर्मर अभियांत्रिकीवरील इंग्रजी ग्रंथ २००४ साली परदेशी प्रकाशकाने काढला. प्रा. कुलकर्णी अध्यापनाकडे वळण्यापूर्वी क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या अभिकल्पाचे काम करीत होते. गळतीचे क्षेत्र, टाकी व पकडपट्ट्या यांचे तापणे, शॉर्टसर्किटचे धक्के हे त्या ग्रंथाचे विषय आहेत. कारखान्याचा वास लागलेले गणित कसे असते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने तो ग्रंथ चाळावा. अभ्यासिकेत शब्दकोश शेजारी ठेवून वाचणाऱ्या माझ्यासारख्यालाही त्यातले निम्मे समजते, आणि ते निम्मे फार मोलाचे आहे.

शॉर्टसर्किटची गोष्ट निघाली, तर तीच थोडी खोलात पाहू. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर इंपीडन्स म्हणून टक्क्यांत एक आकडा असतो. तो ५ टक्के असेल, तर बाहेर शॉर्टसर्किट झाल्यावर नेहमीच्या वीसपट वीज धावते. कॉइलवरचे बल विजेच्या वर्गाने वाढते. वीसपट विजेला चारशेपट बल, आणि पहिल्या झटक्याला त्याहूनही अधिक. आतल्या व बाहेरच्या कॉइलमधील वीज उलट दिशांची, म्हणून त्या एकमेकींना ढकलतात. बाहेरची फुटू पाहते, आतली चिरडू पाहते. दोघींची उंची आणि मध्य जुळत असेल, तर उभ्या दिशेचे बल प्रत्येक कॉइलला आपल्याच मध्याकडे दाबते आणि ती सुखरूप राहते. पण एक जरा वर-खाली सरकलेली असली, तर बल तिला त्याच बाजूला आणखी सरकवू पाहते. जेथे थोडा कलंडला तेथेच ढकलला, असा हा प्रकार आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात, त्याचे नाव मी घेत नाही, एक ट्रान्सफॉर्मर शॉर्टसर्किटच्या चाचणीत नापास झाला. कॉइलचे टोक वर सरकून पकडपट्टी वाकली होती. दोन वाइंडरना निष्काळजीपणाची चार्जशीट मिळाली. चौकशीत रंगीत चित्र पुढे आले. चित्राप्रमाणे बल मर्यादेच्या खूप आत होते. सबब अभिकल्प निर्दोष, सबब दोष हातांचा. दोघांच्या नोकऱ्या त्या चित्राला टांगलेल्या होत्या. मी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. माझ्या शेजारी एक ज्येष्ठ वाइंडर होते, सारा विभाग त्यांना काका म्हणे. त्यांच्या खिशात नेहमी एक लहान वही असे. भट्टीत वाळवून काढलेल्या प्रत्येक कॉइलची उंची ते तीत टिपून ठेवीत. कोणी सांगितले नव्हते, सवय म्हणून. मी अभिकल्पक साहेबांना एकच विचारले, “या हिशेबात दोन्ही कॉइलची उंची किती धरली आहे?” ते म्हणाले, “ड्रॉइंगप्रमाणे. दोन्ही सारख्या.” काकांनी वही उघडून पुढे केली. प्रेसबोर्डची ती खेप वाळताना नेहमीपेक्षा जास्त आकसली होती, आणि बाहेरची कॉइल आतलीपेक्षा काही मिलिमीटर बसली होती.

ते अभिकल्पक सज्जन होते. त्यांनी चौकशी तहकूब करायला लावली, वहीतले आकडे संगणकात घातले आणि हिशेब पुन्हा केला. उभ्या दिशेचे बल कितीतरी पटींनी वाढलेले निघाले, आणि जेथे पट्टी वाकली होती तेथेच. चार्जशीट मागे घेतली गेली. त्याहून महत्त्वाचे हे की, वाळवल्यानंतरची उंची अभिकल्प विभागाला कळवलीच पाहिजे असा नियम झाला. पहिला हिशेब चुकीचा होता काय? नाही. आपल्या चार गाठींसारखाच तो आपल्या परीने बिनचूक होता. तो न घडलेल्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेब होता, एवढेच. घडलेला ट्रान्सफॉर्मर काकांच्या वहीत होता.

या अनुभवातून आणि वाचनातून मी काही प्रश्न काढले आहेत. संगणकाचे उत्तर पुढे आले की, कामगाराने, सुपरवायझरने आणि तरुण अभियंत्यानेही ते विचारावेत. पहिला: जाळी किती बारीक आहे, आणि ती आणखी बारीक केली तर उत्तर बदलते काय? बदलत असेल, तर ते अजून उत्तर नव्हे. दुसरा: कुंपण कोठे घातले? चुंबकीय क्षेत्र दूरवर पसरते, संगणकाला मात्र कोठे तरी रेघ मारून त्यापलीकडे काही नाही असे सांगावे लागते. ती रेघ फार जवळ मारली तर आतले क्षेत्रही खोटे होते. तिसरा: पोलादाचा आलेख कोणता, कॅटलॉगमधला की प्रत्यक्ष आलेल्या पत्र्याचा? पत्रा कापताना, ठोकताना, वाकवताना त्याचे चुंबकीय गुण घटतात, हे कापणाऱ्याला आधी कळते. चौथा: मापे ड्रॉइंगची की नगाची? आणि पाचवा, सर्वांत जुना: मोजून पाहिले काय? भोपाळ आणि बंगळूर येथे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची मोठी चाचणी केंद्रे आहेत, ती उगीच नाहीत. हिशेबाची शेवटची सही प्रयोगाने करावयाची असते.

हे प्रश्न नफ्या-तोट्यापुरते नाहीत, अंगाशी येणारेही आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवरील तज्ज्ञांच्या आयोगाने २०१० साली ५० फेऱ्यांच्या विजेच्या क्षेत्रासाठी मार्गदर्शक मर्यादा दिली: कामावरच्या माणसाला १००० मायक्रोटेस्ला, सर्वसाधारण जनतेला २००. आता खिशातले सूत्र काढा. ५००० अँपिअरच्या बसबारपासून अर्ध्या मीटरवर उभा असलेला फिटर: पाच हजारांना पाचाने भागले १०००, त्याला अर्ध्याने भागले २०००. कामाच्या मर्यादेच्या दुप्पट. शेजारच्या दोन फेजच्या बसबार यातले बरेचसे खाऊन टाकतात, हे खरे. पण नक्की किती, ते त्यांच्या मांडणीवर अवलंबून आहे आणि तेथे पुरा हिशेब करावा लागतो. हृदयात पेसमेकर असलेल्याच्या बाबतीत तर या मर्यादेवरही विसंबू नये. डॉक्टरांचा सल्ला आणि प्रत्यक्ष मोजणी दोन्ही हवी. सुरक्षा समितीत बसणाऱ्या आमच्या प्रतिनिधीने तो हिशेब मागावा. मागणी करताना हाती निदान पाचाचा भागाकार असला, म्हणजे समोरचा ऐकतो.

शेवटी एक गोष्ट नव्या पिढीसाठी. १९६२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ ज्या वागळे इस्टेटीत झाला, तेथील कित्येक गाळ्यांतून लेथ आणि प्रेस गेले आणि संगणक आले. आपली मुलेमुली तेथे बसून दूरदूरच्या कारखान्यांसाठी अशी जाळी विणतात. मॉडेल किती झाली, तारीख चुकली काय, यावर त्यांचे मोल ठरते, असे त्यांच्यातले काही जण येऊन सांगतात. मला रिचर्डसनची मुले आठवतात. त्यांना निदान दर ठाऊक होता. ज्या यंत्राची जाळी आपण विणतो, ते यंत्र एकदा तरी उघडे पाहण्याची सोय या मुलांना मिळाली पाहिजे, आणि ते यंत्र ज्याने हाताने घडवले त्याच्याशी त्यांची गाठ पडली पाहिजे. एकाजवळ जाळी आहे, दुसऱ्याजवळ वही आहे. दोघांच्या मध्ये भिंत राहिली, तर दोघांचेही ज्ञान अपुरे राहते आणि नुकसान तिसऱ्याचेच होते.

म्हणून माझी विनंती अशी की, वर्तकनगरातील एखाद्या मंडळाने आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी काढावी. फळा, खडू आणि चार गाठींचा चौरस एवढ्या भांडवलावर वर्ग सुरू होतो. गणित कोणाच्या खाजगी मालकीचे नाही. ते ज्याला येते त्याचे. आणि जो प्रश्न विचारतो, त्याला ते लवकर येते.